मुंबईचा सायंकाळचा किनारा : एका फेरीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

'शैक्षणिक सहल' या शब्दांतील 'शैक्षणिक' हा भाग पुष्कळदा सूचनाफलकावरच राहतो आणि सहल तेवढी एस. टी.त बसते, असा आपणा सर्वांचा अनुभव आहे. यंदा जानेवारीत इतिहास विभागाची सहल मुंबईस गेली, तेव्हा सरांनी प्रत्येकाला एक विषय वाटून दिला होता. माझ्या वाट्यास आला तो 'सायंकाळची मार्गदर्शित फेरी'. तेव्हा प्रस्तुत लेख हे प्रवासवर्णन नव्हे. मुंबईच्या झगमगत्या किनाऱ्यावरून मार्गदर्शक आपणास फिरवतो, तेव्हा तो नेमके काय दाखवतो, कोणत्या क्रमाने दाखवतो आणि काय दाखवायचे राहून जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फेरीचा क्रम आणि वेळ

आमची फेरी पायी होती. दुपारी साडेचारला गेटवे ऑफ इंडियापासून निघून काळा घोडा, विद्यापीठ, हुतात्मा चौक, ओव्हल मैदान या मार्गाने मरीन ड्राइव्ह आणि शेवटी गिरगाव चौपाटी. आमच्या मार्गदर्शक इतिहासाच्याच पदवीधर होत्या. आम्ही त्यांना 'ताई' म्हणू लागलो आणि त्यांनीही ते मानून घेतले.

हा क्रम सहज ठरलेला नाही, हे नकाशा उघडल्यावर ध्यानात येते. दक्षिण मुंबई ही एक अरुंद पट्टी आहे. गेटवेचे तोंड पूर्वेला बंदराकडे, तर मरीन ड्राइव्हचे पश्चिमेला अरबी समुद्राकडे. पट्टी ओलांडायला तास-दीड तास पुरतो. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणून कलत्या उन्हात पूर्वेची वास्तू पाहायची, चालत पश्चिमेला यायचे, सूर्यास्त गाठायचा आणि मग दिवे लागताना पाहायचे. ताईंचे लक्ष जितके आमच्याकडे होते, तितकेच घड्याळाकडेही होते. मार्गदर्शकाला इतिहासाबरोबर पंचांगही ठाऊक असावे लागते, हा पहिला धडा.

प्रवेशद्वार कोणाचे?

राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये मुंबईस उतरले, त्याचे स्मारक म्हणून गेटवे उभारले. गंमत अशी की, ते आले तेव्हा ही कमान नव्हतीच. त्यांना पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. पिवळसर बेसॉल्ट दगड आणि काँक्रीट यांची ही कमान सुमारे ८५ फूट उंच असून तिच्या जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या होत्या. सम्राटाच्या आगमनासाठी बांधलेल्या या कमानीखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी परत गेली. ज्या दारातून राजा आत आल्याचे सांगायचे, ते दार जगाच्या आठवणीत राहिले ते सैन्य बाहेर गेल्यामुळे.

येथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. माझे आजोबा १९६८ साली माण तालुक्यातून मुंबईस गेले आणि मशीद बंदर भागात त्यांनी तीस वर्षे डोक्यावर गोणी वाहिल्या. मशीद बंदरही याच पूर्व किनाऱ्याच्या बाजूला, गेटवेच्या उत्तरेस काही किलोमीटरवर आहे. १८७५ साली ससून डॉक आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक झाले आणि मुंबईचा माल या गोद्यांतून चढू-उतरू लागला. म्हणजे राजांचे प्रवेशद्वार एक आणि मालाचे दुसरे. दुसऱ्या दारावर सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे राबली. १९६९ साली महाराष्ट्र शासनाने माथाडी कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेली चळवळ होती आणि तेही सातारा जिल्ह्यातलेच. सहलीहून आल्यावर मी आजोबांना विचारले, "आबा, तुम्ही गेटवे पाहिलं होतं का?" ते म्हणाले, "येकदा बघितलं. गावाकडचा पावना आला हुता त्याला दावाया नेलं. न्हायतर रातीला पाठ टेकायची घाई. बोर्ड झालं तवा कुठं हजेरीला अर्थ आला."

गेटवेपाशी आम्हाला जे सांगितले गेले त्यात काही खोटे नव्हते. पण कोणत्या दाराशी उभे राहून सांगितले, यावर इतिहासातली माणसे बदलतात, हे मला आबांच्या या चार वाक्यांनी शिकवले.

मैदानाच्या दोन बाजू

काळा घोडा येथे जो घोडा आज दिसतो त्यावर स्वार नाही. पूर्वी तेथे युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. तो १९६५ साली हलवून पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. सध्याचा बिनस्वाराचा घोडा २०१७ सालचा. जवळच एल्फिन्स्टन महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या महाविद्यालयातून १९१२ साली बी. ए. झाले. आमच्यापैकी बहुतेकजण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले. त्या इमारतीपाशी कोणी न सांगता सगळे थांबले. ताईंनीही घाई केली नाही.

हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन हे १८६४ सालचे कारंजे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक शेजारी शेजारी आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. कारंजे सुंदर आहे आणि छायाचित्रे त्याचीच अधिक निघतात. स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. तिकडे पाहण्यास मान थोडी वळवावी लागते, इतकेच.

पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या मध्यभागी उभे राहिले की दोन शतके समोरासमोर दिसतात. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर ही एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची गॉथिक धाटणी. राजाबाई टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. १८७८ साली तो पुरा झाला आणि प्रेमचंद रायचंद यांनी त्यास देणगी देऊन आपल्या आईचे नाव दिले. पश्चिमेला १९३० नंतर उभी राहिलेली आर्ट डेको घरे : गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर पापणीसारखे छज्जे, भिंतीवर आडवे पट्टे, जणू जहाजच जमिनीवर आणून ठेवले आहे. पूर्वेकडचे आराखडे बहुतांशी इंग्रजांचे, तर पश्चिमेकडच्या घरांत भारतीय वास्तुविशारदांचा मोठा वाटा आहे. या दोन्ही शैलींच्या ९४ इमारतींच्या समूहास २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

समुद्रातून काढलेली जमीन

या दोन बाजूंत पन्नास वर्षांचे अंतर का पडले, याचे उत्तर समुद्रात आहे. मुंबई मुळात सात बेटांची. कोळी, आगरी, भंडारी यांची ही वस्ती १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून दिली आणि १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. पुढे बेटांमधल्या खाड्या बुजवल्या गेल्या. बॅकबे हा पश्चिमेचा उपसागर भरून काढण्याचा बेत १८६० च्या दशकातच झाला होता. तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जमिनीच्या कंपन्यांचे समभाग आकाशाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर कंपन्याही बुडाल्या.

दुसरा प्रयत्न १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात झाला. कांदिवलीच्या टेकडीचा दगड रेल्वेने आणायचा, समुद्रात भिंत घालायची आणि बंदरातला गाळ उपसून आत सोडायचा, अशी ही योजना. भिंतीतून गाळ झिरपून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, खर्च वाढत गेला. वकील खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी या कारभारावर जाहीर कोरडे ओढले. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यात नरीमन निर्दोष सुटले. ठरलेल्या ११४५ एकरांपैकी त्या वेळी सुमारे ४४० एकरच जमीन निघाली. आज मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकास नरीमन पॉइंट म्हणतात. ज्यांनी भराव-योजनेतील गैरकारभार उघड केला, त्यांचेच नाव भरावाच्या जागेला मिळाले!

येथे मी ताईंना विचारले, "ताई, ही भिंत घालणारे मजूर कुठून आले असतील?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आजवर मला हे कुणी विचारलं नाही. गव्हर्नरांची नावं सगळे विचारतात." त्यांच्या उत्तरातला प्रामाणिकपणा मला आवडला. प्रश्न विचारणारा बदलला, तर फेरीही बदलू शकते.

हार कोठून दिसतो?

मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. त्याचा प्रारंभीचा दगड १९१५ सालचा. आताचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. कठड्यापलीकडे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे रचले आहेत, त्यांना टेट्रापॉड म्हणतात. लाट त्यांच्या फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि कठड्यास सरळ धक्का बसत नाही. पावसाळ्यात भरतीच्या वेळी तरीही पाणी रस्त्यावर येतेच.

सूर्य बुडाला आणि दिवे लागले. 'राणीचा हार' तो हाच. परंतु आम्ही कठड्यावर बसून पाहत होतो, तेव्हा हार काही दिसेना. दिसत होती ती नुसती दिव्यांची रांग. ताई हसून म्हणाल्या, "हार वरून दिसतो, मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातून." किनारा धनुष्यासारखा वळलेला असल्याने उंचावरून दिव्यांची माळ दिसते, खालून नाही. २०१५ साली येथे पांढरे एलईडी दिवे बसवले, तेव्हा माळेची शोभा गेली म्हणून लोकांनी तक्रार केली आणि पुढे पुन्हा पिवळसर दिवे लावण्यात आले. दिव्याच्या रंगासाठी अख्खे शहर भांडते, याचे मला नवल वाटले आणि कौतुकही. आमच्या वाडीत खांबावरचा दिवा लागला तरी पुरे असते.

अंधार पडल्यावर दुसरीही गोष्ट दिसली. आठ वाजले तरी कठड्यावर मुली बसल्या होत्या. कोणी मैत्रिणीशी गप्पा मारीत, कोणी नुसतीच समुद्राकडे पाहत. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत मुलीने घरी असावे, हा न लिहिलेला कायदा आहे. दिव्यांचा हार मलबार हिलवरून पाहावा लागतो; पण मोकळेपणाने बसलेल्या या मुली मात्र कठड्यावरूनच दिसतात. मला विचाराल तर फेरीतील सर्वांत मोलाचे दृश्य हेच होते आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

फेरी गिरगाव चौपाटीवर संपली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचा मुंबईत अंत झाला, त्यांच्यावर अंत्यसंस्कार येथेच झाले. याच परिसरात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते जावळी तालुक्यातील केडंब्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. आम्ही सर्वांनी तेथे नमस्कार केला.

काही निष्कर्ष

या अभ्यासातून मला सुचलेले मुद्दे पुढीलप्रमाणे :

१. मार्गदर्शित फेरी हा एक प्रकारचा ग्रंथच आहे. त्यास प्रकरणे आहेत, क्रम आहे आणि गाळलेला मजकूरही आहे. ग्रंथ वाचताना जसे टिपण काढतो, तसे फेरीतही काढावे.

२. सायंकाळ ही वेळ शोभेला अनुकूल आहे. जे उजळलेले असते त्याकडेच नजर जाते. म्हणून शक्य तर तोच मार्ग सकाळीही पाहावा. सकाळी ससून डॉकवर मासळी उतरते आणि कोळणींचा लिलाव चालतो; या शहराची पहिली वस्ती ज्यांची, ते तेव्हा भेटतात.

३. जाण्यापूर्वी नकाशा पाहावा. जुना किनारा कोठे होता एवढे समजले, तरी निम्म्या इमारतींचा अर्थ उलगडतो.

४. प्रश्न आपल्या भाषेत आणि आपल्या घरातून आलेला असावा. आपल्या तालुक्यातील किती घरांत मुंबईला राबलेली माणसे आहेत! त्यांना अगोदर विचारून गेलो, तर आपण मुंबईस केवळ पाहुणे म्हणून जाणार नाही.

शेवटच्या मुद्द्यास धरून विभागास एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या सहलीआधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका जुन्या गिरणी कामगाराची अथवा माथाडी कामगाराची मुलाखत लिहून आणावी. ती टिपणे विभागाच्या ग्रंथालयात राहतील आणि मार्गदर्शकालाही त्यांची एक प्रत देता येईल. माझ्या आजोबांची मुलाखत मी लिहून काढण्यास सुरुवात केली असून आजवर अकरा पाने झाली आहेत.