शेती-पाठ : धुऱ्यापलीकडचे गाजर गवत



उसाच्या निंदणाला किती मजुरी गेली, याचा हिशेब आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पण वावर स्वच्छ करून धुरा ओलांडला, की पांदण रस्त्याला, पाटाच्या कडेला, गायरानात आणि ई-क्लासच्या जमिनीवर कंबरेएवढे गाजर गवत उभे दिसते. “ही जागा सरकारची, आपल्याला काय करायचे?” असे म्हणून आपण पुढे जातो. जागा सरकारची खरी, पण बी आपल्याच वावरात येते. म्हणून या पाठात वावराबाहेरच्या गाजर गवताचा विचार करू.

हे आले कोठून?

गाजर गवत आपल्या देशातले नाही. त्याचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. आपल्याकडे पुण्यातील त्याच्या आढळाची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्या काळात अमेरिकेतून ‘पीएल-४८०’ योजनेखाली जो गहू आला, त्याबरोबर हे बी आले असे मानले जाते. म्हणून काही भागांत याला ‘काँग्रेस गवत’ म्हणतात. कोणी ‘पांढरी टोपी’, तर कोणी ‘चटक चांदणी’ही म्हणते. पुण्याच्या उकिरड्यावरून निघालेले हे तण पुढे देशभर पसरले. कर्नाटक सरकारने तर १९७५ सालीच कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरवले.

मायदेशात त्याला खाणारे किडे व रोग होते. इकडे येताना फक्त बी आले, त्याचे वैरी तिकडेच राहिले. परक्या तणांच्या बेसुमार वाढीचे हे मोठे कारण आहे.

ओळख आणि वाढ

रोप लहान असताना पाने गाजरासारखी कातरलेली आणि जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात. पुढे मधून खोड निघते, फांद्या फुटतात आणि बारीक पांढरी फुले येतात. ओल मिळाली की बी वर्षभर केव्हाही उगवते, आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात झाड फुलावर येते.

आता साधा हिशेब करू. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला दहा ते पंचवीस हजार बी धरते. आपण कमीत कमी दहा हजार धरू. पांदणीवर अशी ५० झाडे असली तर पाच लाख बी झाले. शंभरातले एकच उगवले, तरी पुढच्या खेपेला पाच हजार झाडे! शिवाय मातीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणजे एक वर्ष उपटून भागत नाही. तीन-चार वर्षे नेट धरावा लागतो.

नुकसान कोणाचे?

पहिले नुकसान माणसाचे. या झाडात ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते. त्याने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांनी शिंका व दम्याचा त्रास होतो. निंदणाला जाणाऱ्या बायामाणसांना हा त्रास अधिक होतो आणि एकदा जडला की तो सहसा सुटत नाही. दुसरे नुकसान जनावरांचे. गुरे हे गवत सहसा खात नाहीत, पण चारा नसला की तोंड लावतात. मग तोंड येते, दुधाला कडवट चव लागते. तिसरे, गायरानातला चांगला चारा हे गवत दाबून टाकते.

पसरते कसे?

बी अतिशय हलके असते. ते वाऱ्याने जाते, पाटाच्या पाण्याने वाहते, शेणखतातून येते आणि चाकाच्या चिखलाला चिकटून गावोगाव फिरते. वणी भागात निर्गुडा, वर्धा आणि पैनगंगा या नद्या आहेत, खाणींमुळे अवजड वाहतूक आहे, आणि उसाच्या गाड्या तर वावरातूनच रस्त्यावर येतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात हेच तण शिरले, तेव्हा तिथे यंत्रे व वाहने धुऊनच दुसऱ्या भागात नेण्याची शिस्त लावली गेली. आपणही ट्रॅक्टर, ट्रॉली आणि वखर दुसऱ्या वावरात नेण्याआधी चिखल झाडून काढू शकतो. त्याला पैसा लागत नाही.

काय करावे?

१. फुलापूर्वी उपटा. पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी पहिली फेरी, पोळ्याआधी दुसरी, आणि हिवाळ्यात पाटाच्या ओलीवर उगवलेल्याची तिसरी. माती ओली असताना मुळासकट उपटावे. वरून कापले तर पुन्हा फुटते.

२. हात सांभाळा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला रुमाल हवाच. ज्यांना आधीच खाज किंवा दमा आहे, त्यांना या कामावर पाठवू नये.

३. खत करा. फुलावर न आलेले गवत खड्ड्यात थर देऊन, शेणकाला व माती टाकून वरून लिंपून ठेवले, तर चार-पाच महिन्यांत चांगले खत होते. फुलावर आलेले गवत खतात घालू नये.

४. मोकळी जागा ठेवू नका. उपटलेल्या जागी पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याचे बी फेकावे. तरोटा दाट वाढून गाजर गवताला दाबतो.

५. औषध जपून. ‘टू-फोर-डी’चा वारा लागला तरी कपाशीची पाने भेंडीसारखी होतात. आपल्या भागात उसाच्या शेजारी कपाशी असतेच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरू नये. मिठाचे दाट पाणी फवारूनही हे गवत जळते, पण मिठाने जमीन बिघडते, म्हणून ते वावरात मुळीच नको.

मेक्सिकन भुंगा

तणाचा मूळचा वैरी शोधून १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगलोरला आणला गेला. तपासणीनंतर १९८४ साली तो सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर गडद रेघा असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत भुंगा जमिनीत दडून राहतो. तो दिसला तर मारू नका आणि तिथे फवारणी करू नका. एखादा पट्टा त्याच्यासाठी राखून ठेवा. मात्र सगळे काम भुंगा करील या भरवशावर बसू नये.

पाण्यातले भावंड

तळ्यात, डोहात जांभळ्या फुलांची जलपर्णी दिसते, तीही परकीच. शोभेची म्हणून ती देशात आली आणि पुढे पाणी अडवून बसली. एखादेच झुडूप दिसले की त्याच दिवशी काढून काठापासून दूर वाळवावे. पाणी झाकले गेल्यावर ते काम एकट्यादुकट्याचे राहत नाही.

काम कोणाचे?

रस्त्याची कड बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची, पाट पाटबंधारे खात्याचा, गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यातले. त्यांच्याकडे लेखी मागणी जरूर करावी. पण बी कोणाच्या अर्जाची वाट पाहत नाही. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. त्या आठवड्यात ग्रामसभेत ठराव करून प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक सकाळ द्यावी. ज्याचे वावर जिथे, त्याने आपल्या धुऱ्यालगतची सरकारी कड घ्यावी. एकाने काढले आणि शेजाऱ्याने ठेवले, तर दोघांचीही मेहनत वाया जाते. सर्वांनी मिळून काढले, तर पुढच्या वर्षी प्रत्येकाची निंदणाची मजुरी वाचते. सहकाराने आपण ऊस गाळायला शिकलो. गावचे रान राखायलाही तोच उपयोगी पडेल.