कुवेतचे व्यापारी आणि राज्यकर्ते

आखाती देशांशी व्यवहार असणाऱ्या आमच्या पुष्कळ बांधवांची अशी समजूत असते की, तिकडे अमीर म्हणेल तो कायदा आणि व्यापाऱ्याने मान खाली घालून धंदा करावा. कुवेतपुरते पाहिले तर ही समजूत निम्मीच खरी आहे.

तेल निघण्यापूर्वी कुवेत हे मोत्यांचे आणि गलबतांचे गाव होते. बसऱ्याकडचा खजूर भरून गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत, मोती मुंबईत विकला जाई आणि परतताना मलबारचे सागवान जाई. रुपया तर तेथे १९६१ पर्यंत चालत होता. शेखची तिजोरी भरत असे ती व्यापाऱ्यांच्या जकातीतून (जकात म्हणजे येथे नाक्यावरची), आणि पैसा ज्याचा त्याच्या शब्दालाही वजन असे. १९१० च्या सुमारास शेख मुबारक यांनी करांचा बोजा वाढविला तेव्हा काही बडे मोती-व्यापारी सरळ बहरीनला निघून गेले. त्यांची मनधरणी करून त्यांना परत आणावे लागले.

१९३८ साली सुमारे दीडशे घराण्यांच्या प्रमुखांनी १४ जणांची मजलिस निवडली. तिने महसुलाचा कारभार हाती घेतला, काही कर रद्द केले. पुढे तेल कंपनीकडून शेखना मिळणाऱ्या रकमेवरही तिने हक्क सांगितला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती बरखास्त झाली. सारे राजकारण या एका रकमेत आले. १९४६ पासून तेलाची निर्यात सुरू झाली व राज्यकर्त्यांना व्यापाऱ्यांच्या पैशाची गरज उरली नाही.

मग व्यापारी गप्प का बसले? त्यांना मोबदला मिळाला. सरकारने त्यांच्या जमिनी चढ्या भावाने घेतल्या, ठेके दिले, परदेशी मालाच्या एजन्सी त्यांच्याच हाती राहिल्या. १९६० च्या कायद्याने कंपनीत ५१ टक्के हिस्सा कुवेती असणे सक्तीचे झाले. आपल्या माणसाला तिकडे 'स्थानिक भागीदार' का शोधावा लागतो, याचे मूळ या अलिखित सौद्यात आहे. २०१३ च्या कायद्याने सरकारी मंजुरीने संपूर्ण परकी मालकीची वाट काढली आहे, तरी जुनी घराणी बाजारात आजही भक्कम आहेत.

या सौद्याची दुसरी बाजू सूक अल-मनाखमध्ये दिसली. अधिकृत शेअरबाजार मोजक्या घराण्यांच्या कंपन्यांचा. म्हणून नव्या पैसेवाल्यांनी उंटांच्या जुन्या बाजाराच्या जागी आपला वेगळा बाजार मांडला. शेअर घ्यायचा आणि जादा रक्कम चढवून पुढील तारखेचा चेक द्यायचा! खात्यात पैसे आहेत की नाहीत, कोणी विचारीत नव्हते. १९७७ च्या पडझडीत सरकारने शेअर विकत घेऊन लोकांना सावरले होते, तेव्हा आताही सावरील, असा हिशेब. १९८२ च्या उन्हाळ्यात काहींनी चेक वटवायला काढले आणि डोलारा कोसळला. अडकलेल्या चेकांची रक्कम सुमारे ९,४०० कोटी डॉलर भरली. पुढील तारखेच्या चेकवर माल सोडणाऱ्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

राज्यघटना १९६२ ची आणि पहिली निवडणूक १९६३ ची. विधानसभा १९७६ व १९८६ मध्ये बरखास्त झाली. इराकी आक्रमण हटल्यावर १९९२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, आणि १० मे २०२४ रोजी अमीरांनी तिचे कामकाज जास्तीत जास्त चार वर्षांसाठी थांबविले. पण कुवेतचे राजकारण सभागृहापेक्षा दिवाणियात अधिक चालते. दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. तेथे कहवा फिरतो, सोयरिकी ठरतात, मालाचे भाव आणि मंत्र्यांची उणीदुणी एकाच बैठकीत निघतात. १९८९-९० मध्ये विधानसभा परत आणण्याची चळवळही दर सोमवारच्या दिवाणियांतूनच उभी राहिली. कुवेती गिऱ्हाइकाने दिवाणियाला बोलाविले, तर नमुन्यांची पेटी पहिल्या दिवशी बाहेरच ठेवावी.