खांद्याचे दुखणे आणि मेंदूची घंटा



सँडी कूफॅक्सचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. अमेरिकेतील बेसबॉलचा हा ज्यू खेळाडू. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज तसा बेसबॉलमध्ये पिचर, आणि कूफॅक्स डावखुरा पिचर होता. 1965 च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना 6 ऑक्टोबरला, नेमका योम किप्पूरच्या दिवशी आला आणि तो खेळला नाही. ही गोष्ट ज्यू घरांत अभिमानाने सांगतात. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच्या डाव्या कोपराला संधिवात झाला होता. कोडीनच्या गोळ्या घेऊन, मिरचीच्या अर्काचे जळजळीत मलम चोळून तो मैदानात उतरे आणि सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसे. 1966 साली 27 सामने जिंकून, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. त्याचा सांधा खरोखरच झिजला होता, त्यामुळे त्याचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही.

पण त्या काळी खेळाडूपुढे दोनच वाटा होत्या : दुखणे दाबायचे, नाही तर खेळ सोडायचा. मी न्यू जर्सीत फिजिओथेरपी करते. माझ्याकडे कॉलेजात पोहणारी मुले-मुली महिनोन्‌महिने दुखणारा खांदा धरून येतात. त्यांना आम्ही आधी दुखणे म्हणजे काय ते शिकवतो आणि मग व्यायामाला लावतो. हा धडा वीस वर्षांच्या मुलांइतकाच सत्तरीतल्या माणसाच्याही कामाचा आहे, म्हणून आज तोच देते.

दुखणे खांद्यात तयार होत नाही. खांद्यातील नसा फक्त निरोप धाडतात : इथे काहीतरी धोका असावा. तो निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. मेंदू सगळा विचार करून ठरवतो की घंटा वाजवायची की नाही. ती घंटा म्हणजे दुखणे. कूफॅक्स योम किप्पूरला बसून राहिला त्याच वर्षी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की मज्जारज्जूत जणू एक दार आहे. ते कधी उघडते, कधी मिटते आणि निरोप कमीजास्त करते. कोपर दाराला आपटले की आपण लगेच चोळतो ना? चोळण्याचा स्पर्श ते दार थोडे ओढून घेतो. आपल्या आया-आज्यांना हे शास्त्राविनाच ठाऊक होते.

आता दुखणे तीन-चार महिन्यांच्या पुढे गेले की काय होते? इथल्या घरांत छताला धुराची घंटा असते. आग लागली तर ती वाजायलाच हवी. पण काही घरांत ती इतकी हळवी होते की सुक्या मिरचीची फोडणी दिली तरी ठणाणा करते. जुन्या दुखण्यात शरीराची घंटा अशीच हळवी होते. इजा भरून आलेली असते, तरी हात जरा वर नेला की ती वाजते. झोप नीट नसेल, घरात काळजी असेल, तर आणखी लवकर वाजते.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. याचा अर्थ दुखणे मनाचे खेळ आहे असा मुळीच नाही. घंटा खरी वाजते आणि दुखते ते खरेच दुखते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुझं काही नाही, उगीच कुरकुरतेस" असे सुनावणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.

खेळाडूंना सर्वांत जास्त घाबरवतो तो एमआरआयचा कागद. त्यावर लिहिलेले असते, टेअर, म्हणजे फाटले आहे. अलाबामातील नामवंत हाडांचे डॉक्टर जेम्स अँड्र्यूज यांनी एकदा 31 व्यावसायिक पिचरांच्या खांद्यांचे एमआरआय काढले. त्यांतल्या कुणालाही दुखत नव्हते. तरी 90 टक्के जणांच्या कूर्चेत आणि 87 टक्के जणांच्या कंडरांत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांत, दोष दिसले. आणि तुमच्या वयाचे ऐका. 1995 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या 96 माणसांना तपासले होते. त्यांतल्या साठीपुढच्या 54 टक्के लोकांच्या कंडरा थोड्या किंवा पूर्ण फाटलेल्या निघाल्या. जुने नऊवारी काठाशी विरते, म्हणून कुणी ते नेसायचे सोडत नाही.

पोहणारी एक मुलगी आली होती. "फाटले" हा एक शब्द ऐकल्यापासून ती हात वर नेताना श्वास रोखून धरी, मान आवळून घेई. वरून स्कॉलरशिप जाण्याची धास्ती, म्हणून रात्री झोप नाही. तिला मी कागदावर नसा, मज्जारज्जू, मेंदू काढून दाखवले आणि पिचरांची गोष्ट सांगितली. मग पाण्यात रोज दहाच मिनिटे. शून्य ते दहा या मापावर दुखणे तीनपर्यंत गेले तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ जागी यायला हवे. आले, तर पुढच्या आठवड्यात थोडे वाढवायचे. नाही आले, तर एक पायरी खाली. चार महिने लागले. दुखणे पूर्ण गेले नाही, पण ती पुन्हा स्पर्धेत उतरली. नुसते समजावून असे होत नाही. समजावण्याने भीती उतरते आणि व्यायामाने घंटा हळूहळू शांत व्हायला शिकते. दोन्ही लागतात.

तुम्हाला पोहायचे नाही. पण वरच्या फळीवरचा डबा काढायचा आहे, वेणी घालायची आहे. माझे आवडते माप म्हणजे दारावरचा मेझुझा. तो चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात, साधारण खांद्याच्या उंचीवर असतो, म्हणजे दुखऱ्या हातासाठी अगदी योग्य निशाणी. त्याच्या शेजारच्या भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे वर चढत जा, सोसेल तिथे थांबा, पाच श्वास घ्या, खाली या. दिवसातून तीनदा, दर वेळी पाच खेपा. तोल जात असेल तर दुसऱ्या हाताने खुर्ची धरा. तीनाचा आणि दुसऱ्या सकाळचा नियम तोच. बरेच जण मेझुझाला चांगल्या हाताने स्पर्श करू लागतात. आठवड्यातून दोनदा तरी दुखऱ्या हाताला संधी द्या. हात गळ्यात बांधून ठेवू नका, त्याने सांधा आखडतो.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. त्यांच्यात खांदा गोठण्याचा आजार अधिक आढळतो. दुसऱ्याने हात उचलून दिला तरी वर जात नसेल, तर तपासून घ्या. ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका. मूत्रपिंड, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर त्या धोक्याच्या ठरतात.

आणि काही घंटा खऱ्या आगीच्या असतात. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, सांधा लाल-गरम होऊन ताप असेल, वजन घटत असेल, किंवा रात्री कुठल्याही कुशीवर दुखणे थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. खांद्याच्या किंवा हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर भिंतीवर मुंगी चढवत बसू नका, ताबडतोब अँब्युलन्स बोलवा.

गुडघ्याबद्दल अनेकांनी विचारले आहे; तो विषय पुढच्या अंकात घेते.