टोरंटोच्या सहलीला वर्गाचे प्रश्न सोबत द्या



हल्ली बऱ्याच शाळांत एखादं तरी मूल असं असतं, ज्याचे काका किंवा मावशी कॅनडात असतात आणि जे मे महिन्याच्या सुट्टीत टोरंटोला जाऊन येतं. जूनमध्ये शाळा भरली की ते 'माझी सहल' या विषयावर लिहितं : उंच टॉवर पाहिला, धबधबा पाहिला, खूप मजा आली. बाकीची मुलं ऐकून घेतात आणि गप्प बसतात. आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, असं त्यांना वाटतं. एकाच्या प्रवासामुळे सगळा वर्ग गप्प होणं बरं नाही.

यावर सोपा उपाय आहे. सुट्टी लागण्याआधीच वर्गाने मिळून त्या मुलाच्या वहीत प्रश्न लिहून द्यायचे. प्रत्येक प्रश्नाचा एक भाग तिकडे पाहायचा आणि एक भाग इथे गावात शोधायचा. इयत्ता चौथी-पाचवीसाठी नमुन्याचे प्रश्न पुढे देत आहे.

१) टॉवर इतका उंच का बांधला?

सीएन टॉवरची उंची ५५३ मीटर आहे. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर, म्हणजे एकावर एक साडेसात कुतुबमिनार झाले! तो १९७६ साली लोकांसाठी खुला झाला आणि तीस वर्षं जगातला सर्वांत उंच मनोरा होता. पण मुलांना 'का' विचारायला लावा. शहरात उंच इमारती वाढल्या आणि रेडिओ-टीव्हीच्या लहरींना अडथळा होऊ लागला, म्हणून त्या इमारतींच्याही वर अँटेना न्यायची होती. तो बांधला एका रेल्वे कंपनीने. नावातलं 'सीएन' म्हणजे कॅनेडियन नॅशनल रेल्वे.

गावात काय करायचं : शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढा. शेजारी एक मीटरची काठी उभी करा आणि दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजा. काठीची सावली काठीच्या जितकी पट, तितकीच पट स्तंभाची असते. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली येते, म्हणून सकाळीच मोजा.

२) समोर दिसतं ते समुद्र की तळं?

टोरंटो ऑन्टारिओ सरोवराच्या काठावर वसलेलं आहे. किनाऱ्यावर वाळू आहे, लाटा आहेत आणि पलीकडचा काठ सहसा दिसत नाही. मूल 'समुद्र' म्हणणारच. लगेच दुरुस्त करू नका. खारा वास येतो का? भरती-ओहोटी होते का? त्यालाच ठरवू द्या. हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे आणि शहराचं पिण्याचं पाणी यातूनच येतं. क्षेत्रफळ जवळजवळ १९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही जास्त. तरी तिथल्या पाच महासरोवरांत क्षेत्रफळाने हेच सर्वांत लहान!

बोटीने टोरंटो आयलंड्सवर गेलात तर हेही सांगा : ही बेटं पूर्वी जमिनीला जोडलेली वाळूची पट्टी होती. १८५८ च्या वादळाने ती तोडली.

गावात काय करायचं : आपल्या घागरीतलं पाणी कुठून येतं, ते उगमापर्यंत शोधा.

३) धबधबा मागे कसा सरकतो?

नायगारा टोरंटोपासून रस्त्याने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. तिथे वरचा खडक कठीण आणि खालचा मऊ आहे. पाणी खालचा मऊ थर पोखरतं, मग वरचा आधार नसलेला भाग तुटून पडतो. अशा रीतीने गेल्या सुमारे १२,००० वर्षांत धबधबा ११ किलोमीटर मागे सरकला. आता बरंच पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, म्हणून झीज मंदावली आहे. आणि गंमत बघा, नायगारा नदी पुढे ऑन्टारिओ सरोवरालाच मिळते. म्हणजे हा प्रश्न मागच्या प्रश्नाला जोडलेला आहे.

गावात काय करायचं : पहिल्या पावसात बांधावरून पाणी पडतं तिथली माती पाहा आणि रोज चित्र काढा.

४) तिकडे दिवस किती मोठा?

जूनच्या सुरुवातीला टोरंटोत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. आजीला फोनवर हे खरंच वाटत नाही! पण नुसत्या सूर्यास्तावर जाऊ नका, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. सूर्योदयही लिहायला सांगा. मग दिवस साधारण सव्वापंधरा तासांचा निघतो. त्याच दिवशी पुण्यात तो तेरा तासांहून थोडाच मोठा असतो. उन्हाळ्यात उत्तरेकडे जावं तसा दिवस वाढतो, हे मुलं स्वतःच शोधतात.

गावात काय करायचं : हीच नोंद घरच्यांनीही सात दिवस ठेवायची. दोन्ही बाजूंच्या नोंदी असल्याशिवाय तुलना होतच नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी

एका दिवशी एकच मोठं ठिकाण पाहा. पाच ठिकाणं पळत पाहिली तर संध्याकाळी वहीत फक्त नावं उरतात. दुसरं, उत्तर तोंडात भरवू नका. फोटोंबरोबर वहीलाही रोज दहा मिनिटं द्या.

जूनमध्ये वर्गात

आधी गावात राहिलेल्या मुलांना बोलू द्या : ध्वजस्तंभ किती उंच निघाला, पाणी कुठून येतं. मग टोरंटोहून आलेलं मूल आपली वही उघडेल आणि फळ्यावर दोन रकाने शेजारी शेजारी भरतील. मूल्यमापन करताना कोण किती दूर गेलं ते मोजू नका. कोणी काय पाहिलं, काय मोजलं आणि त्यावरून कोणता नवा प्रश्न विचारला, त्यालाच गुण द्या.

मूल टोरंटोऐवजी नाशिकला किंवा शेजारच्या तालुक्याला जाणार असेल तरी हेच करा. फक्त प्रश्न त्या गावाचे घ्या.