जुना ट्रॅक्टर आणि वापरलेला लोडर

मंडळी, शेणखत किंवा तलावाचा गाळ ट्रॉलीत भरणे हे कंबर मोडणारे काम आहे. 2018 साली आपल्या जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ ही मोहीम झाली. यंत्रांनी तलावांतला गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात टाकला. पण दर वर्षी मोठे यंत्र भाड्याने आणायचे तर पैसे लागतात. मग मनात येते, घरी जुना ट्रॅक्टर आहे, त्याला सस्त्यात जुना लोडर बसवावा.

विचार वाईट नाही. पण लोडर पाहायला जाण्याआधी आपला ट्रॅक्टर पाहा. आम्ही आज हेच सांगणार आहोत.

भार कोठे पडतो?

बैलगाडी आठवा. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. लोडरची बकेट पुढच्या चाकांच्याही पुढे असते. पाव घनमीटरच्या बकेटमध्ये ओला गाळ भरला, तर तो चार क्विंटलच्या आसपास जातो. म्हणजे पन्नास किलोची आठ पोती झाली. लोडरचे वजन निराळेच.

या भाराने पुढची चाके दबतात, मागची हलकी होतात. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. इंजिनाचा जोरही त्यांनाच मिळतो. ती हलकी झाली की ट्रॅक्टर ओढत नाही आणि उतारावर थांबतही नाही. जीव जातो तो अशा वेळी.

म्हणून मागे वजन हवे. चाकात पाणी भरले तर मागची चाके जड होतात, पण पुढचा भार कमी होत नाही. मागच्या लिफ्टला सिमेंटची जड पेटी टांगली तर दोन्ही कामे होतात.

ट्रॅक्टर तपासा

पुढचा ॲक्सल, त्याची मधली पिन, चाकांचे बेअरिंग आणि टायर मिस्त्रीला दाखवा. जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग नसते. बकेट भरली की स्टिअरिंग फार जड होते. सुटे भाग मिळतात का, तेही विचारा. एचएमटीचे ट्रॅक्टर 1971 पासून पिंजोरला बनत होते. तो ट्रॅक्टर कारखाना बंद करायचे सरकारने 2016 साली ठरवले. अशा ट्रॅक्टरचा ॲक्सल मोडला तर भाग शोधत फिरावे लागते.

ऑइलचा पंपही पाहा. काही ट्रॅक्टरांत क्लच दाबला की पंप थांबतो, आणि बकेट वर जाता जाता अडते.

लोडर पारखा

नवा रंग पाहून भुलू नका. रंगाखाली जुनी भेग असू शकते. सांध्याजवळ आणि वेल्डिंगजवळ नीट बघा. पिन आणि बुश हलवून पाहा. जॅकच्या दांड्यावर ओरखडे नकोत. भरलेली बकेट थोडी वर उचलून ठेवा. ती आपोआप खाली येऊ लागली, तर जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह खराब आहे असे समजा. ऑइल गळते का हे हाताने चाचपू नका. दाबाखालचे ऑइल कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहा.

जोडणी

पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना वेगळी चौकट नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टाने जोडलेले असतात. तेच ट्रॅक्टरचे अंग. ते बिडाचे असते. बीड तडकले की वेल्डिंग सहजी धरत नाही. म्हणून लोडर नुसता इंजिनाला लटकवू नका. त्याची चौकट मागच्या ॲक्सलपर्यंत न्या. दुसऱ्या ट्रॅक्टरची चौकट ठोकून बसवू नका. बोल्ट मजबूत घ्या, डोक्यावर 8.8 आकडा असलेले. पहिल्या दिवसाच्या कामानंतर ते पुन्हा आवळा. जोडण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्या.

चालवताना

बकेट जमिनीलगत ठेवून हळू चालवा. घाटावरच्या उताराच्या शेतात जास्त जपा. उतारावर आडवे जाऊ नका. भरलेली बकेट घेऊन उतरायचे तर रिव्हर्समध्ये उतरा. बकेट चढाच्या बाजूला राहू द्या. उचललेल्या बकेटखाली कोणी उभे राहू नये. पोरांना तर बकेटमध्ये कधीच बसवू नये.

ट्रॅक्टर पेलत नसेल, तर लोडर कितीही सस्ता मिळाला तरी तो महागच पडतो. अशा वेळी चार घरांनी मिळून यंत्र भाड्याने आणावे. त्यात कमीपणा नाही.

उत्तरे द्या

1. भरलेल्या बकेटमुळे मागची चाके हलकी का होतात?
2. चाकातले पाणी आणि मागे टांगलेली पेटी यांत फरक काय?
3. तुमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोणत्या चाकांना आहेत? आज पाहून या.