गाभडलेली गाय आणि न उतरणारा ताप

दुभत्या जनावरांच्या बाजारात हल्ली तपासणीचा कागद दाखवायची पद्धत पडली आहे. पद्धत चांगली. पण तो कागद याच गायीचा आहे हे कागदावरून कळत नसेल, तर त्यापायी एक रुपयाही जास्त देऊ नये. आमच्याकडे आलेल्या एच. एफ. गायीसोबत असा कागद होता. ब्रुसेला, म्हणजे गाय गाभडवणारा जंतू, निगेटिव्ह; खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. जनावराच्या रकान्यात मात्र नुसतं ‘गाय क्र. २’. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर कुठेच नाही. ती क्रमांक दोनची गाय कोणती, हे दलालालाच ठाऊक.

गाय गाभण होती. आठव्या महिन्यात तिने टाकलं आणि वार अडकली. रात्रीची वेळ, डॉक्टर लांबच्या गावी. धाकट्या भावाने उघड्या हातांनीच वार ओढून काढली. खेड्यात सगळे असंच करतात.

पुढे त्याला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं आणि सकाळी पठ्ठ्या पुन्हा धारा काढायला हजर. कंबर धरलेली, सांधे ठणकणारे. दवाखान्यात विडाल तपासणी जराशी वाढलेली निघाली, म्हणून टायफॉइडची औषधं सुरू झाली. ताप उतरायचा, परत यायचा. ‘घरी जनावरं आहेत का’ हे त्याला कुणी विचारलं नाही. अखेर प्रश्न आला तो गुरांच्या डॉक्टरांकडून, तोही उलट्या बाजूने. गाय तपासता तपासता ते म्हणाले, “दादा, घरात कुणाला ताप येतोय का?”

माणसांच्या आणि गुरांच्या डॉक्टरांतली ही फारकत जुनीच आहे. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांत ब्रुसेला हा जंतू शोधला. दहा वर्षांनी डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना गाभडणाऱ्या गायींत त्याचा भाऊबंद सापडला. दोन्ही एकाच कुळातले आहेत, हे अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवलं, तेव्हा त्यांच्यावर कुणी पटकन विश्वासही ठेवला नाही.

आता नमुन्यांबद्दल. रोझ बंगाल ही तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. रक्तातल्या पाण्यात, म्हणजे सिरममध्ये, जंतूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का एवढंच ती सांगते. त्यासाठी रक्त साध्या नळीत घ्यायचं, गोठू द्यायचं आणि बर्फावर पाठवायचं. अख्खं रक्त डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. गाय विण्याच्या बेतात असेल तर लागण असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून गाभण गाय घेतली, तर ती व्याल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि तोवर वेगळी बांधा. उलटा घोटाळाही होतो. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत आहे. हीच लस मोठ्या गायीला टोचली, तर तपासणी बराच काळ पॉझिटिव्ह येत राहते आणि निरोगी गाय बदनाम होते. लसीची नोंद मागून घ्या.

पीसीआरचं नाव काढलं की लोकांना वाटतं, आता शेवटचा निकाल लागला. ही तपासणी जंतूची जनुकं शोधते, पण ती नमुन्यात असली तरच सापडणार. ब्रुसेला कासेत आणि गाठींत दडून बसतो, त्यामुळे गायीच्या रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून हुरळून जाऊ नये. खरा ऐवज टाकलेल्या गर्भाच्या पोटातल्या पाण्यात आणि वारेत असतो. आमच्या गायीच्या वारेचा तुकडा मध्येच कुणीतरी शहाण्याने फॉर्मालिनच्या बाटलीत घातला. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, त्यामुळे तो वाढवून बघता येत नाही. जनुकांचेही तुकडे पडतात. बाटलीवरचं लेबल मात्र अगदी सुवाच्य होतं! निदान शेवटी सिरमवरच झालं. असा नमुना हातमोजे घालून स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात, बर्फावर द्यायचा आणि कुठे, कसा पाठवायचा ते आधी विचारून घ्यायचं. उरलेला गर्भ, वार आणि खालचा पेंढा चुना टाकून खोल पुरायचा; कुत्र्यांना मिळता कामा नये.

माणसाचं रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, देताना ‘ब्रुसेलाचा संशय’ असं कागदावर लिहून घ्या. जंतू सावकाश वाढतो, म्हणून प्रयोगशाळेला जास्त दिवस वाट पाहावी लागते. शिवाय हाताळणाऱ्या तंत्रज्ञालाही लागण होते. जगभरच्या प्रयोगशाळांत हे वरचेवर घडलेलं आहे. भावालाही ब्रुसेलाच निघाला; निदानानंतर त्याला दोन औषधं सहा आठवडे घ्यावी लागली. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली की हा ताप उलटतो. उपचारानंतर पीसीआर काही काळ पॉझिटिव्ह राहिला तरी रोग शिल्लक आहेच असं नाही, कारण मेलेल्या जंतूंची जनुकंही त्यात दिसतात. तिथे लक्षणं बघणाऱ्या डॉक्टरांचं ऐकावं.

आमच्या पश्चिम महाराष्ट्रात धारोष्ण दुधाचं भारी कौतुक; कोल्हापुरात तर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात. कच्च्या दुधातूनही ब्रुसेला माणसात येतो, म्हणून मी स्वतः ते बंद केलं आहे. उकळलेल्या दुधात हा जंतू टिकत नाही.

राहिला प्रश्न बाधित गायीचा. शेजारी सांगतात, गपचूप लांबच्या बाजारात काढून टाका. आमच्याकडे ती तशीच आली होती. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार हा अधिसूचित रोग आहे. तो कळवणं मालकावर बंधनकारक आहे आणि बाधित जनावर हलवायला मनाई आहे. गाय वेगळी बांधा, दवाखान्यात कळवा, आणि गोठ्यातल्या कुणाचा ताप हटत नसेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, की आमच्याकडे गाय गाभडली होती.