आधी फॉल्ट कुठल्या अंगाला, ते बघ

पोरी, नेट गेलं रे गेलं की तू लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतेस. ते सोड आधी. मी उभा जन्म टेलिफोनच्या लाइनीवर काढला. फॉल्ट एक्स्चेंजच्या अंगाला आहे की गिऱ्हाइकाच्या घरात, हे ठरल्याशिवाय आम्ही पुढं काही उघडत नव्हतो. वायफायचंही तसंच करायचं.

नेट तुटलं की लगेच त्याच वायफायवरचा मोबाइल बघ. मोबाइलचंही गेलं असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नको. राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबर कुठंतरी तुटली किंवा दुमडली आहे, कंपनीला कळव. मोबाइलचं चालू आणि लॅपटॉपचंच बंद, तर दुखणं लॅपटॉपचं. दोन्ही बंद पण दिवा लाल नाही, तर राउटरला पिंग लाव. त्याचा पत्ता बुडाच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. नेट अडकलं तरी पिंगची उत्तरं येत राहिली, तर घरातलं वायफाय ठीक आहे, बाहेरची लाइन बघायची.

लॅपटॉप बॅटरीवर असताना तुटतं आणि चार्जरवर नीट चालतं, असं झालं तर डिव्हाइस मॅनेजर उघड. नेटवर्क अडॅप्टरमध्ये वायफायच्या नावावर दोनदा क्लिक कर. पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवायला हे यंत्र बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती टिक काढून टाक. दुखणं लॅपटॉपचं ठरलं की माझ्या मते सगळ्यांत आधी करायचं काम हेच. काही नव्या लॅपटॉपवर ते पानच दिसत नाही. तिथं लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर नवा घाल.

आता घर. निपाणीतल्या जुन्या वाड्याची दगडी भिंत काय, खानापूरकडच्या घराची चिऱ्याची भिंत काय, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडला ती भारी पडते. राउटरच्या २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव असलं की लॅपटॉप माडीवर कधी हा धरतो, कधी तो, आणि मधल्यामध्ये मीटिंग तुटते. दोघांना वेगळी नावं दे आणि माडीवर २.४ वरच राहा. शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असेल तर १, ६, ११ यांतला मोकळा चॅनल घे. राउटर लोखंडी कपाटामागं तर मुळीच नको.

हॉटस्पॉटवर काम करतेस तेव्हा आपल्या सीमेची अडचण वेगळी. देवचंद कॉलेज आपण कर्नाटकातल्या निपाणीचं म्हणतो, पण ते आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मोबाइल कंपन्यांची सर्कलंही कर्नाटकाचं वेगळं, महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. फोन पलीकडचा टॉवर धरतो आणि डेटा रोमिंग बंद असेल तर लॅपटॉप वायफायला जोडलेला दिसतो, पण नेट नसतं. तेव्हा रोमिंग चालू ठेव, किंवा नेटवर्क हातानं निवड.

लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना राउटर क्षणभर मरतो आणि पुन्हा उभा राहायला वेळ घेतो. त्याला छोटा यूपीएस घे, पण व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या अडॅप्टरशी जुळवूनच. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच राउटरची पिन काढून ठेव, तांब्याची लाइन असली तर तीही. ऐन कडकडाटात मात्र वायरला हात लावायचा नाही.